गुमास्ता आहे म्हणून पोटमाळा टाकता येत नाही हो

सध्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मुंबईत गाळ्याच्या आत काहीही काम करा, गुमास्ता (म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद) असला की पालिकेची परवानगी लागत नाही. अर्धं खरं आहे म्हणूनच लोक फसतात.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम ३४२ बघा. प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, नळ-ड्रेनेजचे पाइप, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे सगळं किरकोळ दुरुस्तीत येतं, त्याला परवानगी नको. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की लांबी-रुंदी-उंची बदलणं, लोडबेअरिंग म्हणजे इमारतीचा भार पेलणारी भिंत काढणं, जोतं किंवा फरशी खाली घेणं आणि पोटमाळा नवीन टाकणं किंवा वाढवणं हे दुरुस्तीत धरत नाहीत. आणि आपल्याकडे काँट्रॅक्टर पहिलं काय सुचवतो तर फरशी दोन फूट खाली घ्या आणि वर माळा टाका, म्हणजे नेमकं जे चालत नाही तेच!

राहिला गुमास्ता. तो दुकानं आणि कामगारांच्या कायद्याखालचा कागद, कामगार थोडे असतील तर नुसती ऑनलाइन सूचना देऊन मिळतो, त्याचा बांधकामाशी काडीचा संबंध नाही. राहत्या फ्लॅटचं दुकान करायचं असेल तर वापरबदलाची परवानगी वेगळी, सोसायटीचं पत्र म्हणजे ती परवानगी नव्हे.