खुलासा : आम्ही चौघी कृष्णराव पंडितांच्या शिष्या नाही

ग्वाल्हेरच्या मराठी ग्रुपांवर आम्हा चौघी गाणाऱ्यांच्या फोटोसकट एक मेसेज फिरतोय : 'या चौघी पं. कृष्णराव शंकर पंडितांच्या शिष्या, त्यांनीच स्थापन केलेल्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेल्या.' लिहिलंय कौतुकाने, पण दोन्ही गोष्टी चूक आहेत.

ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक असलेले पंडितजी १९८९ मध्ये गेले. आमच्यातली धाकटी तेव्हा जन्मलीही नव्हती. आणि त्यांनी १९१४ मध्ये काढलं ते शंकर गांधर्व महाविद्यालय. माधव संगीत महाविद्यालय १९१८ चं, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू केलेलं.

आमचं म्हणाल तर मावशी घरीच शिकल्या, आईच्या शेजारी पोळ्या लाटताना. आजही टप्प्यातली (टप्पा म्हणजे जलद तानांचा गानप्रकार) तान अडली की त्यांचा उजवा हात लाटणं धरल्यासारखा पुढे सरकतो, आणि तान सुटते! वहिनींनी रीतसर परीक्षा दिल्या. मी आणि धाकटी या दोघींच्या मागे बसून शिकलो, अजून शिकतोय. ज्यांनी पंडितजींसमोर बसून वर्षानुवर्षं तालीम घेतली, त्यांचा मान आम्ही कसा घ्यायचा?

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना आला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.