आवारातील खेळबंदीच्या समर्थकांना उत्तर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो: ‘आवार म्हणजे मैदान नव्हे. मुलांना मैदानावर न्या किंवा शिबिरात घाला. खेळबंदीने त्यांचे काही बिघडत नाही आणि ज्येष्ठांना शांतता मिळते.’

यातले पहिले विधान मुंबईत तरी नियमांना धरून नाही. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआउटमध्ये आकारमानाप्रमाणे 15 ते 25 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडणे बंधनकारक होते, आणि ही जागा पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पायथ्याशी बांधलेल्या उंच गच्चीवर, न दाखवता जमिनीवरच ठेवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावले. अशा जागेत गाड्या लावून वर ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ असा फलक टांगणे म्हणजे मुलांच्या हक्काच्या जागेवर डल्ला मारणे आहे.

मैदानावर न्यायचे, तर कोणी आणि केव्हा? आईवडील कामावरून परततात तेव्हा अंधार पडलेला असतो, आणि सात वर्षांच्या मुलाला वाहता रस्ता एकट्याने ओलांडू देण्याची कोणाचीच छाती होत नाही.

शिबिराचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. तिथे खेळ, वेळ आणि गडी मोठ्यांनीच ठरवलेले असतात. आवारात नियमही मुलांना घडवावे लागतात. बाल्कनीत चेंडू गेला तर आउट द्यायचे का, वन टप्पा झेल धरायचा का, यावर कडाक्याचे भांडण होते, आणि ते मिटल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही म्हणून मुले ते आपापसांत मिटवायला शिकतात. कोणाचा पाच वर्षांचा भाऊ हट्टाला पेटला, तर त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात: तो सगळ्यांबरोबर धावतो, पकडलाही जातो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. लहानग्याला सामावून घेणारी ही तोड कोणा प्रशिक्षकाने काढलेली नाही.

काही बिघडत नाही, हेही खोटे आहे. चीनमधील ग्वांगझौच्या शाळांत रोज 40 मिनिटे जादा वेळ उघड्यावर घालवणाऱ्या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना तीन वर्षांत लघुदृष्टी (दूरचे अंधुक दिसणे) जडली, इतर मुलांत हेच प्रमाण 39.5 टक्के होते, असे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले.

ज्येष्ठांची तक्रार मात्र रास्त आहे. तिच्यासाठी दुपारी दोन ते चार खेळ थांबवावा, काच फुटली तर पालकांनी भरून द्यावी, आणि हे नियम ठरवणाऱ्या सभेत मुलांनाही बसवून घ्यावे.