कॅम्पस संपलं म्हणजे दारं बंद झाली नाहीत

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत सध्या लॉ झालेल्या मुलांना जो तो विचारतोय, "प्लेसमेंट झालं का?" नाही म्हणताना त्यांचे चेहरे उतरतात. मला ते बघवत नाही, म्हणून लिहितेय. मी इथल्या हायकोर्टात वकिली करते.

कॅम्पसला येतात कोण? ज्यांना वर्षभर आधीच माहीत असतं की आपल्याला अमुक माणसं लागणार. मोठ्या लॉ फर्म, बँका, काही कंपन्या. आमची ऑफिसं अशी चालतच नाहीत. एखादी ज्युनिअर लग्न होऊन पुण्याला जाते, कुणी सिव्हिल जज होतं, कुठे एकदम केसेसचा गठ्ठा येतो, आणि मग सिनिअर बार रूममध्ये म्हणतात, "कोणी चांगलं पोरगं असेल तर सांगा." याची जाहिरात निघत नाही. म्हणून कॅम्पसमध्ये नाव न लागलेलं मूल मागे पडलं, हे मला अजिबात मान्य नाही.

शोधायची रीत मात्र बदलावी लागते. मैत्रिणीच्या मुलीचा सीव्ही मूट कोर्ट (कॉलेजातली सरावाची कोर्टं) आणि वेबिनारच्या सर्टिफिकेटांनी भरला होता. मी तिला नावं खोडलेलं एक जुनं चालान दिलं, म्हणजे पोलिसांचं आरोपपत्र. एफआयआर, पंचनामे, जबाब, सगळं हिंदीत, त्यातलं निम्मं हवालदाराच्या अक्षरात. म्हटलं, याची इंग्रजीत तारीखवार यादी कर. तिने केली, आणि एका जागी पेन्सिलीने गोल करून आणला. आरोपीने मेमोरंडममध्ये, म्हणजे पोलिसांनी लिहून घेतलेल्या त्याच्या जबाबात, जागा सांगितली म्हणून जप्ती झाली असं लिहिलेलं, पण जप्तीची वेळ मेमोरंडमच्या आधीची! जामिनाच्या अर्जात असा मुद्दा सोन्यासारखा असतो. ती दोन पानं घेऊन ती सिनिअरांना भेटायला गेली, आणि सीव्हीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. खालच्या कोर्टाचं काम हिंदीत, हायकोर्टाचं इंग्रजीत. दोन्हीकडे हात चालणारं माणूस इथे सगळ्यांना हवं असतं, आणि इंदूरला वाढलेल्या आपल्या मुलांचा तो चालतो.

"तोवर घरी बसून जजची तयारी कर" असं सांगणाऱ्या काका-मावश्यांना एक सांगायचंय. 20 मे 2025 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सिव्हिल जजच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरवली आहे. ती बार कौन्सिलकडच्या प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) नोंदणीपासून मोजतात, आणि जजकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही त्यात धरतात. घरी बसलेले महिने कशातच धरत नाहीत. तेव्हा आधी सनद घ्या, म्हणजे बार कौन्सिलकडे वकील म्हणून नोंदणी करा. नोंदणीची फी कायद्याप्रमाणे जनरलला 750 रुपये आहे, आणि बार कौन्सिलला त्याहून जास्त घेता येत नाही, हेही सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केलंय.

आता माझ्या बरोबरीच्या वकिलांना. पोरगं सकाळी कोर्टात, रात्री ड्राफ्टिंगला, आणि महिनाअखेर हातात पेट्रोलपुरतेही पैसे नाहीत, याला शिकवणं म्हणू नका. भाड्याच्या खोलीत राहणारं खेड्यातलं मूल यामुळेच वकिली सोडून जातं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरांसाठी शहरात 20,000 आणि गावात 15,000 रुपये महिना सुचवलेत. सक्ती नाही, ठाऊक आहे. सगळ्यांना तेवढं झेपणार नाही, हेही ठाऊक आहे. पण जे काही देणार असाल तो आकडा पहिल्या भेटीतच सांगा. मुलाला विचारायला लावू नका.