चाळीस मिनिटांची परिषद

काल दादरला आमच्या इतिहास अध्यापकांच्या परिषदेच्या कार्यकारिणीची बैठक झाली. विषयपत्रिकेवर सहावा विषय होता, 'मासिक सभा यापुढे केवळ प्रत्यक्ष घेण्याबाबत'. दोन मिनिटांत मंजूर. अध्यक्ष म्हणाले, "कोरोनात जी आपुलकी हरवली ती परत आणायचीय." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तेवढ्यात बटाटेवडे आले. मी तिथे गप्प बसले, मग बदलापूरपर्यंत गाडीत मनातल्या मनात भांडत आले. म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे, आधीच सांगते.

कुणाची आपुलकी हरवली, हे मला खरंच विचारायचंय.

आमच्या परिषदेच्या नावात मुंबईबरोबर कोकणही आहे. सभासद पालघरपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेले. सभा मात्र कायम दादर पूर्वेला, शनिवारी दुपारी चार वाजता. २०२० च्या आधीची हजेरीवही काढून बघा. तीच वीस-पंचवीस नावं, त्याच क्रमाने, कारण बसायच्या जागाही ठरलेल्या. कणकवलीच्या माणसाने दोन तासांच्या सभेसाठी यायचं तर शुक्रवारी रात्री गाडीत बसायचं आणि रविवारी घरी पोचायचं. मी तर बदलापूरची, तरी माझी तीच गत. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होते. शनिवारी तास असायचे, आणि तास बुडाला की त्याचे पैसे बुडाले. आठ वर्षांत मी चार सभा पाहिल्या. वर्गणी मात्र आठही वर्षं भरली.

मग २२ मार्च २०२० च्या रात्री लोकल थांबली.

सुरुवातीला परिषद म्हणजे नुसता व्हॉट्सॲप ग्रुप होता. काढे, थाळ्या, कुणाच्या तरी पुतण्याने अमेरिकेतून पाठवलेली माहिती. मे महिन्यात पहिली झूम सभा झाली. खातं फुकटातलं, त्यामुळे चाळीस मिनिटांनी सभा आपोआप बंद. आमचे एक माजी अध्यक्ष नुसत्या प्रास्ताविकाला अर्धा तास घेतात. त्या दिवशी ते "आता मूळ विषयाकडे वळतो" म्हणाले आणि पडदा काळा झाला. परिषदेच्या इतिहासात त्यांना थांबवणं कुणाला जमलं नव्हतं!

त्या उन्हाळ्यात इतिहासवाल्यांना विषय एकच होता. प्लेग. १८९६ चा सप्टेंबर, मुंबईतलं मांडवी, तिथे साथ ओळखणारे डॉ. व्हिएगस, मग शास्त्रज्ञ हाफकिननी १० जानेवारी १८९७ ला स्वतःलाच टोचून घेतलेली लस, मग पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा खून. हे मी जून महिन्यात पाच वेबिनारांमधून पाच वेळा ऐकलं. प्रत्येकाच्या शेवटी गुगल फॉर्म, फॉर्म भरला की ईमेलवर प्रमाणपत्र. माझ्याकडे अशी एकोणीस प्रमाणपत्रं आहेत. त्यातल्या दोन वेबिनारांत मी कॅमेरा बंद करून भाकऱ्या थापत होते. तेव्हा त्या वर्षाचं जे काही ऑनलाइन होतं ते सगळं थोर होतं असं मी म्हणत नाहीये. बरंचसं थोतांड होतं.

पण ऑगस्टमधली आमची सभा मला विसरता येत नाही. विषय पुन्हा तोच, प्लेगच्या वेळी लोकांनी सोडलेली मुंबई. वक्ते अभ्यासू होते, आकडे चोख होते. गणपती जवळ आले होते, २२ ऑगस्टला चतुर्थी. चाकरमान्यांना गावी जाऊ द्यायचं का, दिलं तर किती दिवस वेगळं ठेवायचं, चौदा की दहा, यावर राज्यभर घोळ चालला होता. चर्चेत कणकवलीकडच्या एका मॅडमनी हात वर केला. म्हणजे झूमवरचं ते हाताचं चिन्ह. त्या परिषदेच्या जुन्या सभासद, पण त्यांचा आवाज आमच्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही मुंबईतून निघालेल्यांचं सांगितलंत. ते पोचले कुठे? गावाने त्यांना घेतलं का? आमच्या वाडीतल्या शाळेत आत्ता अकरा माणसं ठेवलीत. त्यातला एक माझा सख्खा दीर. त्याचा डबा मी फाटकाच्या बाहेर ठेवून येते."

कुणीच काही बोललं नाही. मग त्यांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली. वेशीवर कोण उभं राहतं, कुणाच्या घरावरून कुजबुज होते, मुंबईच्या मनीऑर्डरवर उभ्या राहिलेल्या घरांतच मुंबईच्या माणसाला कसं बाहेर बसवतात. सभा चाळीस मिनिटांनी तुटली. सगळे परत त्याच लिंकवर आले. पुन्हा तुटली, पुन्हा आले. असं तीनदा झालं.

इतकी वर्षं प्लेगाबद्दल आम्ही मुंबईच्या फलाटावर उभं राहून बोलत होतो. गाडी सुटली की आमचा इतिहास संपायचा. आणि गंमत बघा, आमचा हॉल आहे तो दादर-माटुंग्याचा बराचसा भाग आखला गेला प्लेगनंतरच, शहर सुधारण्यासाठी १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या योजनेतून. साथीने वसवलेल्या वस्तीत बसून आम्ही साथीवर बोलायचो आणि पळालेल्यांच्या गावाला सभेचं आमंत्रण फक्त पोस्टाने जायचं. त्या मॅडम शनिवारी दादरला आल्या असत्या का? आल्या नसत्याच. तो प्रश्न परिषदेत आला तो लिंकमुळे.

दुसरी गोष्ट फोनची. ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, म्हसळ्याकडचे आमचे सभासद ग्रुपवरून गायबच झाले. वीज नाही, टॉवर नाही. तेव्हा कुणीतरी सभासदांची जुनी वही काढली. तिच्यात निम्मे नंबर लँडलाइनचे, काही तर वारलेल्यांचे. आम्ही सहा जणींनी तालुके वाटून घेतले आणि फोन लावत सुटलो. श्रीवर्धनचे एक सर बारा दिवसांनी लागले. म्हणाले, "वाडी गेली. सुपारीचं एक झाड उभं नाही. पुस्तकं भिजली. पण तुम्ही फोन केलात?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. परिषदेचा फोन येतो तो वर्गणीसाठी, हा त्यांचा आजवरचा अनुभव.

त्या फोनांतूनच कळलं, तासिकावाल्यांचे किती हाल आहेत. कॉलेज बंद म्हणजे तास नाहीत, तास नाहीत म्हणजे मानधन नाही. एक जण भाजी विकत होता आणि ते सांगताना हसत होता. परिषदेच्या निधीतून मदत द्यावी म्हटलं तर खजिनदार म्हणाले, घटनेत तरतूद नाही, धर्मादाय आयुक्तांना हिशेब कोण देणार? नियमाने त्यांचं बरोबर होतं. मग आम्ही आपापसात जीपेवर पैसे जमवले. कुणी किती दिले, कुणाला गेले, ते इथे लिहिणार नाही. खजिनदारांनीही दिले, एवढंच सांगते.

गमावलं नाही असं कोण म्हणेल? एप्रिल २०२१ मध्ये ग्रुपवर वेबिनारची लिंक आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' एकाखाली एक येत होत्या. एका सरांच्या निधनाच्या बातमीखाली कुणीतरी चुकून अंगठ्याचं चिन्ह पाठवलं होतं, ते काढायचंही कुणाला सुचलं नाही. त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीसमोर दोन मिनिटं बसता आलं नाही, ही बोच आहेच. प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही हे मला अध्यक्षांनी सांगायला नको.

पण मी प्रत्यक्ष सभा बंद करा म्हणतच नाहीये. हॉलमध्ये एक फोन तिकाटण्यावर लावायचा, लिंक पाठवायची, एवढंच. काल बैठकीनंतर हे बोलून पाहिलं तर उत्तर मिळालं, "मग हॉलमध्ये कोण येणार?" याचा अर्थ आपल्यालाच आपल्या सभेची खात्री नाही. आणि फोनची वही? ती परत कपाटात. किल्ली कुणाकडे आहे, हेही काल कुणाला सांगता आलं नाही.

आज सकाळी कणकवलीहून मेसेज आलाय, "या महिन्याची लिंक कधी येईल?" अजून उत्तर दिलेलं नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी ठराव लिहून तयार आहे. मासिक सभा दोन्ही पद्धतींनी घ्यावी, आणि दर तिमाहीला तालुकावार फोन व्हावेत. सूचक मी. अनुमोदक हवाय. सभासद असाल तर खाली नाव लिहा. फक्त वर्गणी भरलेली असू द्या, नाहीतर ठराव त्याच मुद्द्यावर उडवतील.