पिठल्याचा तंटा

बंड्याने चहा यायच्या आधीच मोबाईल पुढे केला. पाच पाच चौकटींच्या सहा ओळी, शेवटची ओळसुद्धा करडीच. "गेला आजचा दिवस. शब्द होता थाइम."

त्याला फूडल नावाच्या शब्दखेळाचं वेड लागलंय. रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, खाण्याचा किंवा स्वयंपाकाचा. प्रयत्न सहा. अक्षर जागेवर बसलं तर हिरवं, जागा चुकली तर पिवळं, शब्दात नसलंच तर करडं.

"थाइम म्हणजे काय रे?" अण्णा.

"परदेशी पाला आहे एक," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय त्यांनी. "त्यात थायमॉल असतं. आपल्या ओव्यातही तेच."

"मग ओवा का नाही विचारत?"

नीलूने तेवढ्यात इतिहास सांगून घेतला. जॉश वॉर्डलने वर्डल हा मूळ खेळ जोडीदारीण पलक शाहसाठी बनवला, २०२१ च्या ऑक्टोबरात सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकतही घेतला. फूडल हे त्याच वर्षी ज्युली लोरियाने काढलेलं खाऊचं भावंड. अण्णाला यातलं काही नको होतं. त्याचा मुद्दा सरळ: इंग्रजीत इडली लिही, डोसा लिही, पोहा लिही, सगळे चार अक्षरी. पनीर सहा. म्हणजे इडली बाद आणि भाजी पास?

"मग मराठीत काढ की," बंड्या म्हणाला, आणि फसला.

अण्णाने हॉटेलवाल्याच्या हिशेबाचा कागद उलटा केला, तीन चौकटी काढल्या आणि शब्द मनात धरला. नियम एकच: मात्रेसकट एक अक्षर.

बंड्याने 'लापशी' टाकलं. अण्णाने तिन्ही चौकटींवर काट मारली. नीलूने 'मठरी' सांगितलं. मधला ठ हिरवा! मास्तरांनी चष्मा पुसला. "पिठले."

"पहिली दोन बरोबर. तिसरं चूक."

"चूक कसं? दुसरं काय असणार?"

"पिठलं!"

इथून पुढची पंधरा मिनिटं चहा निवत होता. मास्तर म्हणाले, प्रमाणलेखनात पिठले. अनुस्वाराचं रूप चालतं ते पात्राच्या तोंडी. त्यावर नीलू म्हणाली, अण्णा काय कमी पात्र आहे? माझं मत अण्णाच्या बाजूने. घरी आजवर मला कोणी 'पिठले वाढू का' असं विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तर मी पानावरून उठलो असतो.

बंड्याचं दुःख मात्र वेगळं. "माझ्या लापशीत ल होता, प होता. दोन्ही पिठल्यात आहेत. तरी काट?"

"तुझा ला, माझा लं. तुझा प, माझा पि."

"अरे, निदान पिवळं तरी दे!"

खरी मेख इथे आहे. इंग्रजीत सगळी मिळून २६ अक्षरं, त्यामुळे पहिल्या फटक्यात बहुतेक वेळा काहीतरी लागतं. आपल्याकडे एका क ची बाराखडी, वर जोडाक्षरं. मात्रेसकट मोजलं तर आंधळ्या कोशिंबिरीसारखं चाचपडायचं. मात्रा सोडून मोजलं तर ताक आणि तूक एकच. (तूक हा पदार्थ नाही हे मास्तरांनी लगेच सांगितलं.) तोडगा नीलूने काढला: व्यंजन बरोबर, मात्रा चुकली तर तिसरा रंग. जागेवर कोथिंबिरीचा हिरवा, जागा चुकली तर हळदीचा पिवळा, मात्रा चुकली तर तिखटाचा लाल.

"आणि जागाही चुकली, मात्राही चुकली तर? माझा ल तसाच होता," बंड्या.

नीलू गप्प झाली. मास्तर बोटांवर काहीतरी मोजू लागले. त्यांचं म्हणणं, रंग वाढवण्यापेक्षा प्रयत्न सहाचे दहा करावेत. पण पिठले आधी मान्य करा, मग पुढचं बोलू.

अण्णाला धीर कुठला. त्याने कागदाच्या उरलेल्या कोपऱ्यात नव्या चार चौकटी काढल्या आणि हाताने झाकून धरल्या. "आता सांग!"

बंड्याने वरही पाहिलं नाही. "थालीपीठ."

अण्णाने कागद चुरगाळून खिशात घातला. हॉटेलवाला अजून तो हिशेब शोधतोय.