अहो, ते राम कदम हे नव्हेत!

बारा बाय आठचा फ्लेक्स. डाव्या कोपऱ्यात गणपती, उजव्या कोपऱ्यात वर्गणीदार डॉक्टरांच्या दवाखान्याची जाहिरात, मधोमध सोनेरी अक्षरांत 'संगीतकार राम कदम यांच्या अजरामर गाण्यांची मैफल'. आणि त्या सोनेरी अक्षरांखाली पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हात जोडून हसत उभे कोण? तर घाटकोपर पश्चिमचे आमदार!

मी दुधाची पिशवी हातात घेऊन रस्त्यातच थिजलो. त्या मैफलीची संहिता मी लिहिलेली. तीन आठवडे जुन्या तबकड्या धुंडाळून, एकेका गाण्याचा गायक-गीतकार तपासून. आणि माझ्या तीन आठवड्यांवर फ्लेक्स छापणाऱ्याने एका बोटाने पाणी ओतलं. तसाच फ्लेक्सवाल्याकडे गेलो. पंचविशीचा पोरगा, कानात ते पांढरं बोंडूक.

"काका, राम कदमच आहेत की."

"अरे, संगीतकार राम कदम!"

"नेटवर टाकलं, हेच पहिले आले."

"खाली 'पिंजरा' लिहिलंय ते दिसलं नाही?"

"मला वाटलं, साहेबांनी कार्यक्रम स्पॉन्सर केलाय."

म्हणजे फोटो चुकला ते चुकलाच, वर त्याची संगतीही लावून झाली होती! आता यात आमदारांचा काय दोष? त्यांच्या आईवडिलांनी नाव ठेवलं, ते २००९ पासून निवडून येतायत, त्यांचे फोटो जास्त असणारच. त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. राग आहे तो 'पहिलं आलं ते उचललं' या वृत्तीवर. पहिलं आलेलं उचलायला माणूस कशाला हवा हो? एखादं माकडही बसवता येईल, बिचारं शेंगदाण्यावर काम करेल.

आणि हे घडलं कुठे, तर सांगलीत. राम कदम जन्मले मिरजेत, १९१६ साली. सिटी बसने अर्ध्या तासाचं अंतर. ज्या माणसाने १९७२ च्या 'पिंजरा'ला चाली दिल्या, ज्याचं गाणं लागल्याशिवाय इथल्या एकाही जत्रेतला लाऊडस्पीकर गप्प बसत नाही, त्याचा चेहरा त्याच्याच जिल्ह्यात कुणाला ओळखू येऊ नये? इंगळी डसली ती कुणाच्या चालीवर डसली, हे न विचारता पन्नास वर्षं सगळे नाचतायत. उषाताईंचा आवाज ठाऊक, खेबूडकरांचे शब्द ठाऊक, शांतारामबापू तर ठाऊकच. चाल मात्र झाडावरून पडली असावी. एरवी संगीतकाराला फोटोच मिळत नाही, आता मिळाला तो दुसऱ्याचा.

संध्याकाळी तर कहर. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार वर्गणीची पावती परत घेऊन आले. "मांडवात राजकारण आणणार असाल तर आमचे पाचशे परत द्या." त्यांना पिंजऱ्यापासून सगळं समजावून सांगितलं. "असं होय," म्हणाले, पण पावती काही खिशात ठेवेनात. शेवटी चहा पाजला तेव्हा कुठे गेले. फ्लेक्स उतरवायला आणखी दोन तास, कारण शिडी देखाव्याच्या डोंगराखाली अडकली होती.

मंडळाच्या बैठकीत मी तोंड सोडलं. तर आमचे खजिनदार म्हणतात, "जाऊ दे रे, नाव तर बरोबर आहे ना?" नाव बरोबर आहे! या वाक्याने माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. नाव बरोबर असणं हा तर खरा घोळ आहे! नाव चुकलं असतं तर निदान कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

आता नीट बघा, हे एकट्या राम कदमांचं दुखणं नाही. आमच्याच सांगलीत सुधीर गाडगीळ म्हणा आणि गंमत बघा. २०१४ पासून ते आमचे आमदार. पण उभ्या महाराष्ट्राला सुधीर गाडगीळ म्हटलं की आठवतात ते पुण्याचे निवेदक, मुलाखतकार, ज्यांनी भल्याभल्यांना स्टेजवर बोलतं केलं. आमच्या वाचनालयात 'सुधीर गाडगीळ यांच्याशी गप्पा' अशी पाटी लागली, तर अर्धी माणसं किस्से ऐकायला येतील आणि अर्धी गटाराचा अर्ज घेऊन.

शरद जोशींचं तर विचारूच नका. दर १२ डिसेंबरला आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी श्रद्धांजली टाकतं, कारण शेतकरी संघटनेचे शरद जोशी २०१५ साली त्याच तारखेला गेले. इथवर ठीक. गेल्या खेपेला मात्र आलेला मजकूर असा: उज्जैनला जन्मलेल्या शरद जोशींनी चाकणला कांदा आंदोलन केलं आणि 'ये जो है ज़िंदगी' ही मालिकाही लिहिली! वाचून मी फोन गादीवर आपटला. (गादीवरच. हप्ते बाकी आहेत.) अहो, उज्जैनचे शरद जोशी हे हिंदीतले व्यंगकार, जन्म १९३१, ते १९९१ सालीच गेले. आमचे शरद जोशी साताऱ्यात १९३५ ला जन्मले, स्वित्झर्लंडात बर्नला जागतिक टपाल संघटनेतली चांगली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले, आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत लाखो शेतकरी रस्त्यावर उतरवले. चांदवडला १९८६ साली शेतकरी बायकांचं एवढं मोठं अधिवेशन भरवलं. एकाने व्यवस्थेला चिमटे काढले, दुसऱ्याने तिचा रस्ता अडवला. दोघांना एकत्र कुटून त्या पोस्टवाल्याने जे पिठलं केलं, त्यात ना ते उरले ना हे. मी चूक दाखवली तर खाली एक्केचाळीस जणांनी हात जोडले होते, आणि एकाने मलाच विचारलं, "भावना महत्त्वाची ना सर?" भावना! कुणाविषयी भावना ते तरी ठरवा आधी!

विजय गोखल्यांचा किस्सा त्यातल्या त्यात हसवणारा. फेब्रुवारी २०१९, बालाकोटवरचा हवाई हल्ला झालेला, टीव्हीवर परराष्ट्र सचिव विजय गोखले निवेदन वाचणार अशी पट्टी फिरत होती. आमची आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली. "अगोबाई, आपले विजय गोखले? नाटकातले?" सचिवांचा गंभीर चेहरा पाहून म्हणाली, "हे नव्हेत," आणि पोळ्या लाटायला परत गेली. आत्याला सत्तर सेकंदांत कळलं. तिने चेहरा पाहिला, एवढंच. चौथी शिकलेल्या बाईला जे जमतं ते या दीड लाखाचा संगणक घेऊन बसलेल्यांना का जमू नये?

दोन सोनाली कुलकर्णींचा गोंधळ आता लोकांनी सिनियर-ज्युनियर म्हणून मिटवून टाकलाय, त्यावर मी शाई वाया घालवत नाही. (पहिलीच्या सुरुवातीच्या सिनेमाचं नाव 'दोघी' होतं, हे मात्र नियतीने मुद्दाम केलेलं वाटतं.) अतुल कुलकर्णी तर तीन: नट, पत्रकार आणि पोलीस अधिकारी. तिघांनाही एकमेकांसाठीचे फोन येत असणार, मला त्यांची दया येते.

सगळ्यात जास्त घाम फोडला तो जयंत पाटलांनी. जुलै २०२४, विधान परिषदेची निवडणूक. रात्री मामाचा वाळव्याहून फोन, आवाज रडवेला. "अरे, आपले साहेब पडले?" मी म्हटलं, साहेब उभेच कुठे होते? टीव्हीवर नुसतं 'जयंत पाटील पराभूत' दाखवत होते. पडले ते अलिबागचे, शेकापचे (म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे) जयंत पाटील. आमचे इस्लामपूरचे, राजारामबापूंचे चिरंजीव, ते तर त्यांच्या पाठिंब्यात उभे! पट्टीत 'शेकापचे' हे चार अक्षरी विशेषण घालायला त्या वाहिनीला जागा नव्हती. त्याच पट्टीखाली बनियनची जाहिरात मात्र मावली. मामाला रक्तदाबाची गोळी घ्यावी लागली ती या चार अक्षरांपायी.

आणि ज्यांना नावाच्या सारखेपणाची किंमत कळली, त्यांनी त्याचा धंदा केला. रायगडात २०१४ च्या लोकसभेला सुनील तटकरे २,११० मतांनी पडले. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे नावाचाच एक अपक्ष होता, त्याला मिळाली ९,८४९ मतं. म्हणजे नावं सारखी असली की काय होतं हे राजकारणातल्या माणसाला चोख कळतं. कळत नाही ते फक्त फ्लेक्सवाल्याला, पट्टीवाल्याला आणि आमच्या खजिनदाराला.

मला जास्त टोचतं ते हे, की हा प्रश्न आपल्याकडे सुटलेला होता हो! आपल्याइतका नावात बारकावा ठेवणारा मुलूख शोधून सापडायचा नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लेखक असेल तर वि. वा., ग. दि., पु. ल. अशी दोन टिंबं ठोकली की हजार देशपांड्यांतून नेमका आपला देशपांडे उभा. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर आईचंही नाव घालायचं बंधनकारक केलंय. गावाकडे तर त्याच्याही पुढे. आमच्या गावात एकाच वयाचे, एकाच नावाचे दोन इसम आहेत. एक 'मळ्यातला' आणि एक 'पिठाच्या गिरणीचा'. पोस्टमनने आजवर एकदाही मनीऑर्डर चुकवलेली नाही. आणि म्हातारी माणसं नाव सांगितलं की लगेच विचारायची, "कुठले?" लहानपणी त्या प्रश्नाची चीड यायची. आत्ता वाटतं, त्या पोराने मला फोन करून तेवढा एक शब्द विचारला असता, "कुठले?" तर मी म्हटलं असतं, "मिरजेचे," आणि बाराशे रुपये वाचले असते.

बाराशे रुपये माझ्या खिशातून गेले, हेही सांगून टाकतो. मंडळ म्हणालं, संहिता तुमची, तर फ्लेक्सही तुम्हीच बघायचा होतात.

काल रात्री नवं प्रूफ आलं. फोटो कृष्णधवल, हार्मोनियमसकट, अगदी बरोबर. मी डोळ्यांत पाणी आणून बघत होतो, तेवढ्यात खाली बारीक अक्षरांत दिसलं. पोराने स्वतःच्या डोक्याने कंसात घातलं होतं: (हे ते नव्हेत).

मी तसंच छाप म्हणून कळवलंय.