चित्र हलते ते मनाच्या अशांतीमुळे नव्हे

व्हॉट्सअॅपच्या गटांत एक रंगीत चित्र पुन्हा पुन्हा फिरत असते. सोबतचा मजकूर साधारण असा: हे चित्र यामामोतो नावाच्या जपानी मेंदुतज्ज्ञाने बनवले आहे, ते स्थिर दिसले तर तुम्ही शांत आहात, हळू हलले तर थोडा ताण आहे आणि सतत फिरत राहिले तर मनःस्वास्थ्य बिघडले आहे.

कर्त्याचा मुद्दा लगेच निकालात निघतो. चित्र युरी पेरेपादिया या युक्रेनी चित्रकाराचे, २०१६ सालचे; त्यात अकियोशी किताओका या जपानी मानसशास्त्रज्ञांचे तंत्र वापरल्याचे त्यानेच सांगितले आहे. यामामोतो यांचा त्याच्याशी संबंध नाही.

हलण्याचे कारण मात्र सविस्तर सांगायला हवे. किताओका यांच्या २००३ च्या ‘फिरणाऱ्या सापां’च्या चित्रात काळा, निळा, पांढरा आणि पिवळा हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पार्श्वभूमीशी असलेला विरोध, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, तीव्र असतो, निळ्या-पिवळ्यांचा सौम्य. नजर चित्रावर स्थिरावताच दृष्टीच्या चेतापेशी जोराने प्रतिसाद देतात आणि मग त्या दृश्याला सरावतात. परंतु तीव्र आणि सौम्य विरोधाला मिळणारा प्रतिसाद एकाच वेगाने उठत नाही आणि एकाच वेगाने ओसरतही नाही. वेळेतला हा फरक मेंदूतील दिशा ओळखणाऱ्या पेशींना हालचालीसारखाच भासतो, असे स्पष्टीकरण संशोधक देतात. २००५ साली बेव्हिल कॉनवे आणि सहकाऱ्यांनी मकाक माकडांच्या मेंदूतील अशा पेशींच्या नोंदी घेतल्या, तेव्हा स्थिर पट्ट्यांनाही त्या दिशेनुसार प्रतिसाद देताना आढळल्या. (माकडांना ताण होता का, हे कोणी विचारले नव्हते.)

‘स्थिर दिसणारा शांत’ ही विभागणी तर घरबसल्या मोडते. सापांच्या चित्रातल्या एका चक्राच्या मध्यबिंदूवर नजर रोखून धरा; काही सेकंदांत चक्र मंदावते, बहुधा थांबतेच. पापणी लवली किंवा नजर किंचित सरकली, की पेशींपुढे दृश्य पुन्हा नव्याने येते आणि चक्र फिरू लागते. म्हणजे त्या मजकुराच्या हिशेबाने एकच माणूस मिनिटभरात आजारीही ठरतो आणि बराही होतो.

हा भास सर्वांना सारखा होत नाही, हे खरे आहे. काहींना तो जाणवतच नाही आणि उतारवयात तो जाणवणाऱ्यांचे प्रमाण घटलेले आढळले आहे. त्यामुळे आजोबांना चित्र स्थिर दिसले, तर त्यांच्या मनःशांतीआधी त्यांच्या वयाचा विचार करावा लागेल.